खपलीखालची खाज

जखम भरत आली की खाजू लागते, हे कुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गुडघा फोडून घेतलेले पोर पहिल्या दिवशी रडते, तिसऱ्या दिवशी जखम विसरते आणि सातव्या-आठव्या दिवशी अंगणात कुठेतरी कोपऱ्यात बसून खपलीच्या कडेला हळूच नख लावते. घरातले वडीलधारे माणूस तेवढ्यात ओरडते, ‘‘हात लावू नकोस रे! खाज सुटली म्हणजे बरे होत आले.’’ या एका वाक्यात अर्धे वैद्यक आहे आणि अर्धा धीर आहे.

आमच्या इतिहासकारांनी घाव पुष्कळ मोजले. कुणाच्या अंगावर किती वार झाले, ते पोवाड्यांतून आणि बखरींतून आपण वाचत आलो. पण तो वीर घरी परतल्यावर, घाव भरताना, रात्र रात्र अंग खाजवत तळमळला असेल, याबद्दल कुणी शाहीर चकार शब्द काढत नाही. वेदनेला प्रतिष्ठा आहे, खाजेला नाही. वेदनेवर काव्य होते. खाजेवर फार तर म्हणी होतात. त्या मात्र मराठीत भरपूर आहेत. उगीच भांडण उकरून काढणारा ‘खाजवून खरूज काढतो’, विसरलेले दुःख पुन्हा जागे करणारा ‘खपली काढतो’, मारकुट्याचे ‘हात शिवशिवतात’ आणि तळहात खाजला तर पैसा येतो म्हणे. शाळामास्तराचा तळहात एवढा का खाजत नाही, हे मात्र कुणी सांगितलेले नाही.

भाषेने आणखी एक गंमत केली आहे. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम. मराठीत तोच शब्द आला आणि जखम गेल्यावर मागे उरणाऱ्या खुणेला चिकटला. बोलताना त्याचा ‘वण’ झाला. म्हणजे जखम आणि तिची आठवण यांना आपण एकाच शब्दात बसवले. खाज येते ती या दोन अर्थांच्या मधल्या दिवसांत. घाव संपलेला नसतो आणि वण अजून झालेला नसतो.

सुश्रुताला हे मधले दिवस ठाऊक होते. त्याच्या संहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. साठ! आजचा माणूस टाके घातले की मोकळा होतो. सुश्रुत मात्र जखम भरल्यावरही रोग्याला सोडत नाही. वण पांढरा पडला असेल तर कातडी काळी करण्याचे कृष्णकर्म, फार काळा पडला असेल तर उजळण्याचे पांडुकर्म, केस उगवत नसतील तर ते उगवण्याचे रोमसंजनन, अशी त्याची यादी लांबत जाते. ‘कंडू’, म्हणजे खाज, हे तर व्रणाच्या लक्षणांपैकीच एक. तिच्यावरून कोणता दोष बळावला आहे हे वैद्याने ओळखायचे. जखम बुजली म्हणजे माणूस बरा झाला असे त्या जुन्या शस्त्रवैद्याला वाटत नव्हते.

याच परंपरेतली हळद आपल्या घराघरांत आहे. तिच्यावर १९९५ साली अमेरिकेत एक पेटंट दिले गेले होते, ते हळदीने जखम भरण्याच्या वापरावर! मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे ते होते आणि ज्यांच्या नावावर शोध लागला ते दोघेही भारतीय वंशाचेच. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख पुराव्यात दाखल करून दावा लढवला, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीच्या डब्यातली चिमूटभर हळद परदेशी कचेरीत जाऊन जिंकून आली.

आता ही खाज येते तरी कशाने? कातडी फाटली की तिच्या खालच्या थरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. या पेशींना ‘मास्ट’ हे नाव पॉल एर्लिखने १८७८च्या सुमारास, विद्यार्थी असतानाच, दिले. कणांनी टच्च भरलेल्या त्या पेशी पाहून त्याला चांगले खाऊन फुगलेल्या प्राण्याची आठवण झाली. जर्मन भाषेत ‘मास्ट’ म्हणजे चारून पुष्ट करणे. हिस्टामिनामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते, दुरुस्तीचे कामगार जागेवर पोहोचतात आणि जवळचे मज्जातंतू चाळवले जातात. शिवाय तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढू लागतात, खपली वाळून भोवतालची कोवळी कातडी ओढते, नव्या कातडीत तेलकटपणा कमी असतो. बाहेरून जखम मिटली तरी आत वर्ष-वर्ष डागडुजी चालू राहते आणि एवढे होऊनही वणाची कातडी मूळच्या कातडीइतकी मजबूत कधी होत नाही.

पण सारी खाज हिस्टामिनाची नव्हे, आणि हे ज्या वनस्पतीने जगाला शिकवले ती आमच्या ठाण्याच्या उशाला, येऊरच्या रानात उगवते. खाजकुइलीचा वेल ज्याने पाहिला त्याला तिची ओळख करून द्यायला नको, आणि ज्याने चुकून हात लावला त्याला तर मुळीच नको. जांभळ्या फुलांचे लोंबते घोस फार देखणे दिसतात. मागून येणाऱ्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल असते, आणि ती मखमल अंगाला लागली की माणूस नाचू लागतो. १९५५ साली शेली आणि आर्थर या दोघा अमेरिकन संशोधकांनी या कुसांतून प्रथिने तोडणारे एक विकर वेगळे काढले आणि खाज आणणारे द्रव्य ते हेच, असे दाखवून दिले. हिस्टामिनाचा त्यात हात नव्हता. पुढे संशोधकांना कळले की खाजेचे निरोप नेणारे काही तंतू हिस्टामिनाला ओळखतात आणि काही खाजकुइलीच्या वाटेचे असतात. जुन्या वणांची, विशेषतः भाजल्याच्या वणांची खाज पित्ताच्या गोळीने पुष्कळदा का थांबत नाही, याचा थोडासा उलगडा त्यावरून होतो. इंग्रजीत या वनस्पतीला ‘काउहेज’ म्हणतात. त्यात गायीचा काही संबंध नाही; हिंदीतल्या ‘केवाँच’चा तो साहेबी अपभ्रंश आहे.

खाजेची आणखी एक विचित्र गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. क्रूसो आणि फिंडले या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत छापून आली. लंडनच्या कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने ती वाचून, वीस वर्षे विचार करून, १८१४ साली तसे नाक करून पाहिले, आणि आधुनिक शस्त्रवैद्यकात या रीतीला ‘भारतीय पद्धत’ हे नाव पडले. ज्याने हे काम केले त्या कारागिराचे नाव मात्र त्या इंग्रजी हकिगतीत नाही. बैलगाडीवाल्याचे नाव राहिले, डॉक्टरांचे राहिले, चित्रकाराचे राहिले. हात ज्याचे होते त्याची फक्त जात राहिली.

अशा नाकाबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या शरीरशास्त्राच्या ग्रंथांत एक नोंद मिळते. कपाळाची कातडी मुळाशी जोडलेली असते तोवर तिचे मज्जातंतूही जुन्याच वाटेने निरोप पाठवतात. नव्या नाकाला स्पर्श झाला तर रोग्याला तो कपाळावर झालासा वाटे! नाकावर माशी बसावी आणि माणसाने कपाळावर हात मारावा, असा तो प्रकार. मेंदूला नवा पत्ता कळायला वेळ लागतो.

हे सारे अपवादात्मक लोकांचे झाले. घराघरात खाजेशी झुंज झाली ती देवीच्या आजारात.

‘देवी आल्या’ असे आपले लोक म्हणत. रोगाला बहुवचनी आदर देणारी भाषा दुसरी कुठे असेल का, कोण जाणे! गाढवावर बसलेली, हातात केरसुणी आणि कलश घेतलेली शीतळा या आजाराची स्वामिनी. मुंबईत माहीमला तिचे देऊळ आहे. केळव्याला समुद्राजवळ आहे. ते गाव आज पालघर जिल्ह्यात असले तरी २०१४च्या ऑगस्टपर्यंत ते आमच्या ठाणे जिल्ह्यातच होते. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागत, स्वयंपाकात फोडणी बंद होई, पाहुणा उंबऱ्याबाहेरूनच परत जाई. शेवटची गोष्ट तर कोणत्याही आरोग्य खात्याने पसंत करावी अशीच होती.

आजाराचा क्रम ठरलेला. आधी सडकून ताप, मग तोंडावर आणि हातापायांवर पुरळ, त्याचे पाण्याने व पुढे पुवाने भरलेले टणक फोड, आणि दुसरा आठवडा सुरू झाला की त्यांवर खपल्या. मोठ्या देवीत दहांतली तीन माणसे दगावत. जी वाचत त्यांची खरी परीक्षा खपल्या धरल्यावर सुरू होई, कारण अंगभर खाज सुटे. दोन-तीन आठवडे, शेवटची खपली गळेपर्यंत, आई लेकराच्या उशाशी बसे. हाताला मऊ फडकी बांधायची, नखे कापायची, आणि खाज असह्य झाली की कडुनिंबाच्या कोवळ्या पाल्याने अंगावरून हळू फिरवायचे. नखाने नाही, पाल्याने. तो पाला औषध किती होता हा वाद वैद्यांनी करावा. नखाच्या जागी पान आले, एवढा तरी त्याचा उपयोग निश्चित होता.

यात पणाला लागलेले असे ते मुलाचे तोंड. बऱ्या झालेल्यांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर खोलगट वण राहत, काहींची दृष्टी जाई; महाराजा रणजितसिंहाचा डावा डोळा लहानपणी देवीनेच गेला. रणजितसिंहाला राज्य मिळाले. वणांनी भरलेल्या तोंडाच्या मुलीला स्थळ मिळणे कठीण जाई. मग बोल लागे तो आईला : ‘‘तुझा डोळा लागला आणि पोरीने खाजवले.’’ इथे मला त्या साऱ्या आयांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खाजवल्याने जखम चिघळते आणि वण वाढतो हे खरे. पण देवीचे वण मुख्यतः खाजवल्याचे नव्हेत. चेहऱ्याच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी दाट असतात. रोग त्यांचाच नाश करी आणि त्या जागी खड्डा राही. आई रात्रभर जागली काय किंवा तिचा डोळा लागला काय, ते खड्डे पडायचे ते पडतच. किती घरांत किती बायकांनी हा न केलेला गुन्हा जन्मभर वाहिला असेल!

एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गोदेवीची लस टोचली, हे आपण शाळेत शिकवतो. ती लस हिंदुस्थानात कशी आली, हे मात्र शिकवत नाही. आणि ती गोष्ट खाजेवाचून सांगताच येत नाही. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे, उष्ण देशात तर नाहीच. एका मुलाच्या दंडावर टोचायची, सात-आठ दिवसांनी तिथे टपोरा फोड आला की त्यातले पाणी घेऊन दुसऱ्या मुलाला टोचायचे, त्याच्यावरून तिसऱ्याला. अशी ती हातोहात चाले. आणि नेमक्या त्याच दिवसांत तो फोड खाजू लागे! पोराने तो ओरबाडला, चिघळवला, की साखळी तिथेच तुटली.

व्हिएन्नाहून डॉ. द कारो यांनी धाडलेली लस बगदादला पोहोचली, तिथून बसऱ्याला आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि लागू पडली. तिच्या हातावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना, त्यांच्यापासून पुढे पुण्या-सुरतेला, हैदराबादेला, मद्रासेला लस पोहोचली. एका तान्ह्यासारख्या पोरीचा दंड आठवडाभर कुणीतरी जपला, म्हणून हे जमले. ती घरच्या चाकरीतल्या बाईची मुलगी होती. पुढे तिचे काय झाले याची चौकशी करण्याची गरज कुणाला वाटली नाही.

पुढच्याच वर्षी, १८०३ साली, स्पेनच्या राजाने आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली, तीही अशीच. बाल्मिस नावाच्या डॉक्टरबरोबर बावीस अनाथ मुलगे जहाजावर चढवण्यात आले. दर आठ-दहा दिवसांनी त्यांतल्या दोघांना टोचायचे, असे करत महासागर ओलांडायचा. त्या मुलांनी फोडाला हात लावू नये म्हणून त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम इसाबेल सेंदाल या बाईंकडे होते. अनाथालयाच्या त्या मुख्य होत्या. बावीस वांड पोरे, जहाज हलते आहे, हात खाजतो आहे, आणि ‘खाजवू नका’ म्हणणारी एक बाई! मी रोज एका वर्गात चाळीसजणांना ‘खिडकीबाहेर पाहू नका’ म्हणतो. मला तिच्याविषयी फार आदर वाटतो.

आपल्याकडे लोकांनी या लशीचे स्वागत केले असे नाही. परक्याच्या, परजातीच्या पोराच्या हातावरचे पाणी आपल्या पोराच्या रक्तात घालायचे, ही कल्पनाच सोसवेना. शिवाय आठव्या दिवशी टोचणारा परत येई आणि आपल्या मुलाच्या फोडातून पुढच्यासाठी पाणी काढी, त्याची धास्ती वेगळी. सरकारने कायदे केले. मुंबई शहरासाठी १८७७ साली, मग १८८० साली हिंदुस्थानासाठी. खरा बदल झाला तो वासराच्या अंगावर लस तयार करण्याची रीत आल्यावर. मुंबई इलाख्यासाठी ती बेळगावात तयार होई. टिळकवाडीतल्या त्या जागेला लोक अजून ‘व्हॅक्सिन डेपो’च म्हणतात. तोवर भाषेनेही तह करून टाकला होता. रोगालाही देवी आणि लशीलाही देवीच! टोचून घेणे म्हणजे ‘देवी काढणे’. जी कोपते तीच राखते, एवढे एकदा शब्दात बसले की आईचा हात थोडा सैल होतो.

देवी काढणाऱ्याजवळ एक वाटोळे, दातेरी हत्यार असे. दंडावर टेकवून फिरवले की कातडीवर चक्र उमटे आणि पोर किंचाळे. मग ताप, मग फोड, मग खपली आणि मग ती खाज. ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या असलेल्या एखाद्या पासष्टी-सत्तरीच्या गृहस्थाची बाही खाली घसरली तर पाहावे. हातावर नाण्याएवढा, सुरकुतलेला, चकचकीत वण दिसेल. त्याच्या शेजारच्या कॉलेजकुमाराच्या डाव्या दंडावरही वण असतो, पण तो बीसीजीचा. क्षयावरची लस, लहानसा एकच ठिपका. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकदा घरी जाऊन आजी-आजोबांचे हात पाहून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गात आलेल्या हकिगती धड्यापेक्षा लांब होत्या. एकीची आजी म्हणाली होती, ‘‘पावसाळ्यात अजून खाजते हो इथे.’’

देशाने १९६२ साली देवी निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. दातेरी चक्राच्या जागी दोन टोकांची सुई आली, उन्हात न बिघडणारी कोरडी लस आली. १९७४ साली बिहारमध्ये शेवटचा भयंकर तडाखा बसला आणि २४ मे १९७५ रोजी आसामात करीमगंज इथे सैबान बीबी ही देशातली शेवटची रोगी आढळली. १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर केले. टोचणे थांबले. म्हणून त्या वाटोळ्या वणाचे हात आता लोकलमध्ये वर्षागणिक कमी दिसतात.

खाजेची एवढी निंदा-स्तुती झाल्यावर न खाजणाऱ्या जखमेबद्दलही लिहायला हवे, कारण ती जास्त वाईट.

महारोगात मज्जातंतू मरतात. चटका बसला तरी कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही, आणि जखमेला खाजही सुटत नाही. मुंबईत वडाळ्याला १८९० साली या रोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले ते महापालिकेचे आयुक्त हॅरी आक्वर्थ यांच्या खटपटीने. त्यांचेच नाव आजही त्या रुग्णालयाला आहे. हे तेच आक्वर्थसाहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. एकीकडे घाव मिरवणाऱ्यांचे पोवाडे आणि दुसरीकडे घाव न कळणाऱ्यांची वस्ती, या दोन्हींचा सांभाळ एकाच माणसाने केला!

लोक समजत, या रोगाने बोटे झडतात. दक्षिणेत कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेल्या आणि १९४६पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस त्यांना जपत नाही, जखमेवर जखम होते, आणि ती झिजत जातात. म्हणजे आमचे पोर खपलीशी चाळा करते तेव्हा त्याच्या शरीराचा पहारेकरी जागा आहे, एवढे तरी नक्की कळते.

कल्याणला पत्रीपुलाजवळ हनुमाननगरची कुष्ठरुग्ण वसाहत आहे. रेल्वेने रोज तिच्या जवळून लाखो माणसे जातात. तिथल्या लोकांसाठी वर्षानुवर्षे राबणारे डोंबिवलीचे माजी नौसैनिक गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना वसाहत कुठे आहे ते प्रथमच कळले. रोग आता औषधाने पुरता बरा होतो, पण गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही रोज संध्याकाळी स्वतःचे तळपाय उजेडात धरून पाहायला शिकवतात आणि मऊ रबराच्या तळाच्या चपला देतात. आणि गावोगाव फिरणारे आरोग्यसेवक अंगावर फिकट चट्टा दिसला की आजही तीच साधी परीक्षा घेतात. माणसाला डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्यावर कापसाची वात अलगद टेकवायची, आणि विचारायचे, ‘‘कुठे लागले, बोट ठेवा बघू.’’